थंड इंजिनचा टकटक आवाज: दीडशे सीसी गाडीचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी दीडशे सीसी, सिंगल सिलिंडर, एअर कूल्ड, कार्बोरेटरवाली, २०१४ चं मॉडेल. म्हणजे बीएस ३ च्या (प्रदूषणाच्या जुन्या नियमांच्या) काळातली, ना इंजेक्शन ना ऑक्सिजन सेन्सर, जे काय आहे ते कानाने ऐकून आणि पाना लावून शोधायचं. साठ हजार किलोमीटर ओलांडलेली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हता आणि हा प्रकार कुठल्याही गाडीत होऊ शकतो. मालकांची ओळख कळू नये म्हणून किरकोळ तपशील बदललेत, इंजिनचे तपशील आहेत तसेच आहेत.

मालक कराडचे पिग्मी एजंट, वय पन्नाशीच्या आसपास, मी त्यांना काकाच म्हणतो. रोजचं फिरणं म्हणजे बाजारपेठेत दुकानोदुकानी, मग मलकापूर, ओगलेवाडी, आणि आठवड्यातून एखादी चक्कर पाटणच्या बाजूला. या धंद्यात गाडी सलग चालत नाही, पन्नास पावलं गेलं की बंद, वसुली घेतली की परत किक. हे सांगतोय कारण इंजिन दिवसातून कितीदा सुरू होतं आणि कितीदा नीट गरम होतं याचा आवाजाशी थेट संबंध असतो, आणि गाडी बघणाऱ्याने हे विचारलंच पाहिजे.

अडचण काय होती

सकाळी पहिली किक मारली की सिलिंडरच्या बाजूने टकटक असा आवाज, रेस दिली की तो वाढायचा आणि जलद व्हायचा. पाच-सात मिनिटं चालवली की बराच कमी व्हायचा, पण पाटणकडे चढाला गाडी ओढायला लागली की परत ऐकू यायचा. धूर नाही, ऑइल कमी होत नव्हतं, अ‍ॅव्हरेज थोडं पडलेलं. उतारावर थ्रॉटल सोडला की सायलेन्सरमधून मधूनच फट फट असं वाजायचं, पण ते काकांनी पेट्रोलच्या भेसळीवर ढकललेलं त्यामुळे ते त्यांनी तक्रारीत धरलंच नव्हतं.

माझ्याकडे यायच्या आधी गाडी दोन ठिकाणी जाऊन आलेली. पहिल्या गॅरेजमध्ये थंड इंजिनवर आवाज ऐकला आणि सांगितलं, पिस्टन-बोअर (बोअर म्हणजे पिस्टन ज्या नळीत वर-खाली होतो ती) गेलंय, बोअर किट टाका, मजुरी धरून नऊ-दहा हजार. काका घाबरून दुसरीकडे गेले. तिथे टॅपेट (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातला गॅप ठरवणारे स्क्रू) टाइट करून दिले, आवाज थोडा कमी वाटला, पण गेला नाही, मग तिथे म्हणाले की आता खालचंच काम निघेल, क्रँक (पिस्टनच्या वर-खाली होण्याने फिरणारा दांडा) बघावा लागेल. आणि त्या दुसऱ्या भेटीनंतर एक नवीन त्रास सुरू झाला: गाडी गरम झाली की सिग्नलला, आयडलिंगला, आपोआप बंद पडायची. काकांना वाटलं की जुनाच आजार वाढलाय.

"मिस्त्री, बोअर घालायचा म्हंटलं तर घालू, पन त्यानं आवाज जानार का ते आधी सांगा," हे त्यांचं वाक्य. माझ्या मते कुठल्याही गाडीमालकाने विचारायचा हाच प्रश्न आहे.

डोक्यात कोणकोणते संशयित होते

वरून येणाऱ्या टकटकीला डझनभर कारणं असू शकतात, पण या गाडीपुरती यादी आखडता आली.

टॅपेट सैल असेल तर टिक टिक असा बारीक, कोरडा, एकसारखा आवाज, तो गरम-थंड दोन्हीला असतो आणि लोडने फारसा बदलत नाही. टायमिंग चेन (क्रँकवरून व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट फिरवणारी) सैल असेल तर खळखळ, आणि ती थ्रॉटल सोडताना जास्त. क्लच हाऊसिंगचा आवाज असेल तर क्लच दाबल्यावर बदलतो, इथे क्लच दाबून काहीच फरक पडत नव्हता म्हणून तो बाजूला. चढाला वरच्या गिअरमध्ये कुथवत चालवल्यावर येणारं पेट्रोल नॉकिंग एक गिअर खाली टाकला की थांबतं, इथे थांबत नव्हतं, शिवाय ते थंड इंजिनला न्यूट्रलमध्ये येत नाही. क्रँकच्या मेन बेअरिंगचा आवाज टकटक नसतो, ती घरघर असते, सलग. कनेक्टिंग रॉडचं बिग एंड गेलं तर जड ठोका येतो, इंजिनच्या पोटातून, आणि गरम होऊन ऑइल पातळ झालं की तो वाढतो. इथे उलट होत होतं.

उरले दोन. एक, पिस्टन स्लॅप. पिस्टन आणि बोअरमधला गॅप वाढला की थंड असताना पिस्टन पॉवर स्ट्रोकला तिरका होऊन भिंतीवर आपटतो, मग अ‍ॅल्युमिनियमचा पिस्टन तापून फुगतो, गॅप भरतो, आवाज कमी होतो. दोन, सायलेन्सरचा बेंड पाइप हेडला (सिलिंडरच्या वरच्या, व्हॉल्व्ह असलेल्या भागाला) जिथे बसतो तिथून गॅस लीक. तिथेही थंड असताना फट उघडी असते, दर एक्झॉस्ट स्ट्रोकला तिथून गॅसचा फटका बाहेर येतो आणि टक असं वाजतं, मग पाइप आणि फ्लँज (पाइप हेडवर आवळून धरणारी कडी) तापून फुगले की फट आवळली जाते आणि आवाज दबतो. चढाला लोड आला की गॅसचं प्रेशर वाढतं, आवाज परत येतो.

म्हणजे दोन्ही आवाज थंडीत मोठे, गरमीत लहान, लोडला वाढणारे, आणि दोन्ही इंजिनच्या पुढच्या-वरच्या बाजूने येणारे. पहिल्या गॅरेजवाल्याचा अंदाज मूर्खपणाचा अजिबात नव्हता, लक्षणं खरोखर जुळत होती. फरक इतकाच की एका रोगाचा इलाज दहा हजारांचा आणि दुसऱ्याचा पन्नास रुपयांच्या सायलेन्सर पॅकिंगपासून सुरू होणारा, आणि पहिला इलाज एकदा केला की मागे घेता येत नाही.

पहिला निर्णय: थंड इंजिन कशासाठी वापरायचं

गाडी संध्याकाळी आली, गरम. फिरवून बघितली आणि रात्रभर गॅरेजमध्येच ठेवून घेतली. आता इथे एक गोष्ट लोक लक्षात घेत नाहीत, की खऱ्या अर्थाने थंड इंजिन दिवसातून एकदाच मिळतं. टॅपेट मोजायचे तर थंड इंजिन लागतं, आणि हा आवाज ऐकायचा तरी थंडच लागतं. टॅपेट आधी मोजून सेट केले असते तर आवाजात त्याने काहीतरी फरक पडला असता आणि मग कशाने काय झालं ते कळलं नसतं. म्हणून पहिली सकाळ फक्त ऐकायची, कशालाही हात लावायचा नाही, आणि टॅपेट दुसऱ्या सकाळी, असं ठरवलं. गिऱ्हाईकाची गाडी एक दिवस जास्त अडकते हे खरं, काकांनी तेवढ्यापुरती भाच्याची स्कूटर घेतली.

पहिली सकाळ: ऐकणं

किक मारायच्या आधी मोबाईल टाकीवर ठेवून रेकॉर्डिंग चालू केलं. रेकॉर्डिंगच्या अ‍ॅपमध्ये आवाजाची लाट दिसते, ती ताणून दोन ठोक्यांमधलं अंतर बघता येतं. या गाडीचं आयडलिंग १४०० आरपीएम, म्हणजे क्रँक सेकंदाला २३ पेक्षा थोडं जास्त फिरतो आणि कॅमशाफ्ट त्याच्या निम्म्याने, १२ च्या आत. ठोके मोजले तर ते कॅमच्या हिशोबाने पडत होते, दोन फेऱ्यांना एक. याने खळखळ आणि घरघर वाले संशयित पक्के बाद झाले. पण यावर उड्या मारायचं कारण नाही, कारण टॅपेटही त्याच हिशोबाने वाजतो, एक्झॉस्ट लीकही, आणि पिस्टन स्लॅपचा मोठा ठोका पॉवर स्ट्रोकलाच पडत असल्यामुळे तोही बऱ्याचदा दोन फेऱ्यांना एकच ऐकू येतो. मोबाईलने अर्धं काम केलं, निवाडा केला नाही.

मग लांब स्क्रू ड्रायव्हर. टोक इंजिनवर, मूठ कानामागच्या हाडावर. हेड कव्हरवर टिक टिक जवळजवळ नाहीच, हे मला खटकलं, साठ हजार चाललेल्या गाडीचे टॅपेट एवढे गप्प नसतात. सिलिंडरच्या फिन्सवर (हवेने थंड व्हायला असलेल्या पात्यांवर) ठोका स्पष्ट. पोटाला, म्हणजे क्रँककेसवर, अगदी अस्पष्ट. फक्त स्क्रू ड्रायव्हरवर विश्वास ठेवला असता तर मीही बोअर म्हणालो असतो असं नाही म्हणणार, पण वजन त्याच बाजूला झुकत होतं.

स्क्रू ड्रायव्हर धातूतला आवाज ऐकवतो. हेडला कुठेही ठोका बसला तरी तो फिन्सपर्यंत जातोच. हवेतला आवाज ऐकायला नळी लागते. मीटरभर पेट्रोल पाइपचा तुकडा घेतला, एक टोक कानाशी धरलं (कानात घालायचं नाही) आणि दुसरं टोक इंजिनला न चिकटवता बोटभर अंतरावरून हळूहळू फिरवलं. सिलिंडरच्या बाजूने काही नाही. हेड आणि बोअरच्या पॅकिंगच्या सांध्यावर काही नाही. प्लगच्या बुडाशी काही नाही, प्लग सैल असला तरी असाच आवाज येतो म्हणून तेही बघायचं असतं. आणि पुढच्या बाजूला बेंड पाइपच्या फ्लँजपाशी नळी नेली तसा कानात चक् चक् चक् असा फटका बसायला लागला, इतका की नळी कानापासून लांब धरावी लागली. नळी दोन बोटं डावीकडे सरकवली की निम्मा, उजव्या स्टडपाशी (फ्लँजचा नट ज्या आट्याच्या दांड्यावर बसतो तिथे) आणली की पूर्ण.

स्क्रू ड्रायव्हर एक सांगतो आणि नळी दुसरं, अशा वेळी दोघांपैकी आवडता साक्षीदार निवडायचा नाही, तिसरी टेस्ट करायची. हातात जाड हातमोजा, गोणपाटाची ओली घडी सायलेन्सरच्या तोंडावर दोन-तीन सेकंद दाबून धरली, मागे वाट अडवली की लीक असेल तिथून गॅस जास्त जोराने बाहेर पडतो. ठोका लगेच मोठा झाला. सोबत इंजिन अजून कोमट असतानाच फ्लँजवर साबणाचं पाणी सोडलं, उजव्या बाजूने दर ठोक्याला फेस उडायला लागला. हे तापलेल्या हेडवर करू नका, पहिल्या मिनिटातच करायचं. टॉर्च मारून बघितलं तर उजव्या स्टडच्या बाजूला फिनवर काजळीचा नखाएवढा काळा पट्टा होता, पावसाळ्याच्या चिखलाखाली झाकला गेलेला.

तेव्हा काकांना परत विचारलं. आदल्या संध्याकाळी 'इंजिनला काय काम केलंय का' असं विचारल्यावर ते 'ऑइल बदललं फक्त' म्हणाले होते.

"काका, सायलेन्सर कधी काढला होता का?"

"हा, त्याला मागं भोक पडलेलं, ते वेल्डिंग करून घेतलं की. पन त्याचा इंजिनशी काय संबंध?"

तारखा जुळवल्या तर वेल्डिंग झालं आणि त्यानंतर पंधरवड्यात आवाज. उतारावरची फट फटही इथेच बसली: थ्रॉटल सोडला की त्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सायलेन्सरमधलं न जळलेलं पेट्रोल तिथेच पेटतं.

दुसरा निर्णय: लीक सापडलं म्हणून बाकीचं सोडायचं का

इथे थांबून पॅकिंग टाकून गाडी देता आली असती. पण दोन गोष्टी बाकी होत्या. हेड कव्हरवरची ती शांतता आणि गरम झाल्यावर बंद पडणं, या दोन्हीचा लीकशी संबंध नव्हता. आणि काकांच्या डोक्यात बोअर बसला होता, लीक काढलं तरी पुढचं वर्षभर ते प्रत्येक आवाजाला बोअरच समजले असते. म्हणून दुसऱ्या सकाळी टॅपेट आणि कॉम्प्रेशन दोन्ही मोजायचं ठरवलं.

आता क्रमाचा प्रश्न. टॅपेट जास्त टाइट असेल तर व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन तिथून निसटतं, आणि गेजवर दिसणारा आकडा बघून कुणीही म्हणेल की पिस्टनच्या (कॉम्प्रेशन धरून ठेवणाऱ्या) रिंग गेल्या. मी मुद्दाम दोनदा मोजलं, टॅपेट सेट करायच्या आधी आणि नंतर, काकांना शेजारी उभं करून. प्लग काढून गेज लावलं, थ्रॉटल पूर्ण उघडा धरला, काटा चढायचा थांबेपर्यंत किका मारल्या. आधी: ९५ पीएसआय.

मग मॅग्नेटच्या कव्हरवरची झाकणं काढून टी मार्क जुळवला, इनलेट व्हॉल्व्ह बंद झाल्यानंतर येणारा, म्हणजे कॉम्प्रेशनचाच टीडीसी (पिस्टन सगळ्यात वर असतो ती जागा) आहे याची खात्री केली. या गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे गॅप इनलेटला ०.०५ आणि एक्झॉस्टला ०.१० मिलिमीटर. इनलेटला फीलर गेजची (गॅप मोजायच्या पातळ पट्ट्यांची) ०.०५ ची पट्टी जेमतेम शिरली. एक्झॉस्टला कुठलीच पट्टी शिरेना, रॉकरला हाताने हलवलं तरी खेळ नाही, शून्य. थंड असताना शून्य म्हणजे गरम झाल्यावर व्हॉल्व्हची दांडी लांबली की व्हॉल्व्ह सतत थोडासा उघडा. गाडी गरम झाल्यावर का बंद पडत होती ते इथे कळलं.

याबद्दल मला मनापासून लिहावंसं वाटतं, कारण हे रोज होतंय. टॅपेट वाजतोय म्हणून टाइट करून देणं आणि गिऱ्हाईक खूश होऊन जाणं. व्हॉल्व्ह आपली बरीचशी उष्णता सीटला टेकलेला असतानाच सोडतो, एक्झॉस्ट व्हॉल्व्हवरून तर जळता गॅस जातो. तो सीटवर बसूच दिला नाही तर कडा जळते, आणि मग खरोखर हेडचं काम निघतं. मोजून लावलेल्या टॅपेटचा हलका टिक टिक आवाज येणारच, तो आला पाहिजे.

दोन्ही मापाला लावले, परत गेज: १५० पीएसआय. मग प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून तिसऱ्यांदा, १६०. रिंगांमधून गळती मोठी असती तर ऑइलने आकडा यापेक्षा खूप उसळला असता. त्यानंतर प्लग बसवण्याआधी दोन-चार मोकळ्या किका मारून जास्तीचं ऑइल उडवलं, कारण बंद सिलिंडरमध्ये ऑइल साचलेलं चालत नाही. गाडी सुरू केली, थोडा वेळ निळा धूर आला तो त्या ऑइलचा. आवाज? तसाच्या तसा. पिस्टन स्लॅप असता तर ऑइलच्या थराने निदान थोडा वेळ तरी दबला असता. इंजिन ऑइल सोडलं, जाळी काढून बघितली, चमक नाही, त्या ऑइलमध्ये लोहचुंबक फिरवला, त्यावर बारीक पूड तेवढी, या किलोमीटरला असते तितकी.

बोअर आणि क्रँक दोन्ही एकही पॅकिंग न फाडता सुटले.

तिसरा निर्णय: स्टडचं काय करायचं

खरं तर मी धरून चाललो होतो की पॅकिंग बदललं की झालं. वेल्डिंगच्या वेळी जुनंच पॅकिंग परत बसवलेलं, ते एकदा दबलं की दुसऱ्यांदा नीट बसत नाही, म्हणून असं होतं बऱ्याचदा. नट काढायला गेलो तर डावा नट घट्ट, पेनिट्रेटिंग ऑइल मारून, थोडं थांबून सुटला. उजव्या नटला पान्याचा जोर लागलाच नाही, तो स्टडसकट बाहेर यायला लागला. स्टडला हेडमधल्या अ‍ॅल्युमिनियमचे आटे चिकटून आले, चकचकीत तारेच्या वेटोळ्यासारखे. हेडमधले आटे मेलेले. कुणी कधी जोर लावला याला आता अर्थ नाही, एक बाजू घट्ट आणि एक सैल त्यामुळे फ्लँज तिरका बसलेला आणि फट उजवीकडे. नुसतं पॅकिंग टाकून दिलं असतं तर आठवडाभर आवाज गेला असता आणि परत आला असता, आणि मग बोअरवाली थिअरी खरी ठरल्यासारखी वाटली असती.

पर्याय तीन होते. जाड स्टड टाकायचा, म्हणजे भोक मोठं करून पुढच्या साइझचे आटे पाडायचे: स्वस्त, पण फ्लँजचं भोकही मोठं करावं लागतं आणि तिथे हेडची भिंत पातळ असते. दुसरा, सेकंडहँड हेड: भंगार बाजारात मिळतं, पण कुणाचं, कसं चाललेलं, व्हॉल्व्ह गाइडची अवस्था काय, काहीच माहीत नाही, शिवाय हेड बदलायचं म्हणजे सगळं उघडलं. तिसरा, हेलीकॉइल, म्हणजे भोकात आटे पाडून स्टीलच्या तारेची वेटोळी आत बसवायची आणि मूळ साइझचाच स्टड परत लावायचा. स्टीलच्या वेटोळ्यात बसलेला स्टड अ‍ॅल्युमिनियमच्या मूळ आट्यांपेक्षा मजबूत धरतो. तिसरा घेतला.

ड्रिल सरळ जाणं महत्त्वाचं, तिरका स्टड म्हणजे परत तिरका फ्लँज. हातातल्या ड्रिलने हे करायचा मोह टाळला आणि ओळखीच्या लेथवाल्याला हेलीकॉइलचा सेट आणि ड्रिलचा गाइड घेऊन गॅरेजवरच बोलावलं, हेड न काढता काम झालं. काम करताना पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीला ठेवून एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बंद ठेवला आणि पोर्टमध्ये ग्रीस लावलेलं फडकं कोंबलं, म्हणजे किस आत गेला तरी ग्रीसला चिकटेल. डावा स्टडही नवीन टाकला. फ्लँजची बसायची जागा घासून साफ केली, जुन्या पॅकिंगचा एक तुकडा पोर्टच्या खाचेत राहिलेला तो टोकरून काढला, हा तुकडा राहिला की नवीन पॅकिंग कधीच सपाट बसत नाही. नवीन पॅकिंग. आधी सायलेन्सरचा मागचा ब्रॅकेट सैल धरला, फ्लँजचे नट आलटून पालटून थोडे थोडे आवळले, आणि सगळ्यात शेवटी मागचा बोल्ट. हा क्रम उलटा केला तर पाइप ताणात बसतो आणि तो ताण रोज त्याच स्टडवर येतो. एकदा गरम करून, पूर्ण थंड करून, नट परत बघितले, पाव फेरा बसले.

निकाल

पुढच्या सकाळी काकांनी स्वतः किक मारली. ठोका नव्हता. टॅपेटची टिक टिक ऐकू येत होती आणि काका पहिल्या क्षणी तिलाच घाबरले, मग त्यांना फीलर गेजची पट्टी हातात देऊन दाखवलं की हा गॅप का ठेवलाय. फट फट बंद. सिग्नलला बंद पडणंही थांबलं. खर्च पॅकिंग, दोन स्टड-नट, ऑइल, हेलीकॉइल आणि मजुरी सगळं धरून दीड हजाराच्या आत.

एक आवाज मात्र उरला, आणि तो मोठा ठोका गेल्यावरच ऐकू यायला लागला. तीन-साडेतीन हजार आरपीएमवरून थ्रॉटल सोडला की डाव्या बाजूला क्षणभर खळखळ. टायमिंग चेन. टेन्शनर काढून त्याचा रॉड बघितला, जवळजवळ पूर्ण बाहेर आलेला, म्हणजे चेन ताणली गेली आहे आणि टेन्शनरकडे आता देण्यासारखं फार उरलेलं नाही. ते काम तेव्हा केलं नाही. काकांना सांगितलं की ही खळखळ आयडलिंगलाही यायला लागली की काम पुढे ढकलायचं नाही, कारण चेन दात सोडून बसली तर टायमिंग बिघडतं, आणि फारच घसरली तर व्हॉल्व्ह पिस्टनला लागू शकतो. दिवाळीच्या आधी ते घेऊन आले, चेन, टेन्शनर आणि गाइड बदलले.

वेगळं काय करता आलं असतं

प्रश्न 'इंजिनला काय काम केलं' असा विचारला तर माणूस इंजिनचंच सांगतो. काकांच्या दृष्टीने सायलेन्सर इंजिनचा भागच नाही. 'आवाज सुरू व्हायच्या आधी गाडीला कुठेही पाना लागला का, पंक्चर, वेल्डिंग, वॉशिंग, काहीही' असं विचारलं की वेगळी उत्तरं येतात, आणि आता मी असंच विचारतो.

पहिल्या गॅरेजमध्ये नळीची टेस्ट झाली असती तर तिथेच संपलं असतं, त्याला दोन मिनिटं लागतात. तिथे निदान थंड इंजिन तरी ऐकलं होतं, एरवी गर्दीच्या गॅरेजमध्ये बऱ्याचदा गाडी दुपारी येते, गरम असते, मेकॅनिकला आवाज नीट मिळतच नाही, तो गिऱ्हाईकाच्या वर्णनावर बोलतो. थंड आवाजाची तक्रार असेल तर मालकाने गाडी आदल्या रात्री सोडावी, किंवा निदान सकाळच्या पहिल्या किकेचं रेकॉर्डिंग घेऊन यावं, मोबाईल टाकीवर ठेवून एकदा आणि सायलेन्सरच्या तोंडाशी धरून एकदा.

दुसऱ्या गॅरेजमध्ये टॅपेटला हात लावायच्या आधी गॅप मोजून कागदावर लिहिला असता तर मूळ माप काय होतं ते कळलं असतं, आता ते कळायला मार्ग नाही. मोजल्याशिवाय फिरवू नका, ही विनंती मी मालकांनाही करतो, उभे राहा आणि 'आधी किती होतं' ते विचारा.

बीएस ६ गाड्या, म्हणजे एप्रिल २०२० नंतरच्या, यांच्यात हेच लीक जास्त त्रास देतं. ऑक्सिजन सेन्सर एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजून ईसीयूला (पेट्रोलचं प्रमाण ठरवणाऱ्या कॉम्प्युटरला) सांगतो, सेन्सरच्या आधी फट असेल आणि बाहेरची हवा आत आली तर सेन्सरला मिश्रण पातळ वाटतं आणि ईसीयू पेट्रोल वाढवतो. अशा गाडीत आवाजाआधी अ‍ॅव्हरेजची तक्रार येऊ शकते आणि लोक इंजेक्टर साफ करत बसतात. साबणाचं पाणी तिथेही तेवढंच कामाचं.

या गाडीत बघायचं अजून एक राहिलंय. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह काही काळ टाइट चालला, त्याची कडा आणि सीट कितपत शाबूत आहे हे बाहेरून थेट दिसत नाही. पुढच्या सर्व्हिसला थंड इंजिनवर गॅप आणि कॉम्प्रेशन परत मोजायचं ठरलंय. आकडे इथल्याइतकेच राहिले तर ठीक, पण एक्झॉस्टचा गॅप स्वतःहून कमी झालेला निघाला तर व्हॉल्व्ह सीटमध्ये खोल बसत चाललाय असा अर्थ होईल आणि मग हेड खोलावं लागेल, हे काकांना आत्ताच सांगून ठेवलंय.